शिक्षा भोगलेल्या खेळाडूला काम मिळावे. मान मात्र कमवावा लागेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुरुंगवास भोगून आलेल्या व्यावसायिक खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू द्यावे की नाही, या विषयावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चाललेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचतो आहे. काही पत्रलेखकांच्या मते शिक्षा भोगून झाली की विषय संपला. काहींच्या मते एकदा डाग लागला की त्या माणसाने मैदानाचे तोंडही पाहू नये. मी बरीच वर्षे शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून काम केले आहे आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. शिक्षा पूर्ण केलेल्या खेळाडूला आपल्या कसबावर पोट भरण्याचा हक्क परत मिळालाच पाहिजे. मात्र कर्णधारपद, निवड समितीतली खुर्ची, देशाचा पोशाख, पुरस्कार आणि जाहिरातींतला झगमगाट या गोष्टी त्या हक्कात येत नाहीत. त्या विश्वासावर मिळतात आणि विश्वास नव्याने कमवावा लागतो. काही गुन्ह्यांनंतर तर त्या कधीच परत मिळू नयेत. आणि हे सगळे ठरवण्याचा अधिकार त्या खेळाडूच्या जिवावर पैसे मिळवणाऱ्या मंडळींकडे मुळीच असू नये.

न्यायालय शिक्षा सुनावते तेव्हा ती महिन्यांत आणि वर्षांत मोजून सुनावते. गुन्ह्याचे स्वरूप, आरोपीचे वय, त्याचे आधीचे वर्तन, त्याने दिलेली किंवा नाकारलेली कबुली आणि पीडिताचे नुकसान हे सारे तोलून तो आकडा ठरलेला असतो. तो पुरा झाल्यावर समाजाने आपल्या मनाने त्यापुढे आयुष्यभराच्या बेकारीची पुरवणी जोडावी, याला न्याय म्हणता येणार नाही. सुतार तुरुंगातून सुटला तर त्याने रंध्याला हात लावू नये, असे आपण म्हणत नाही. उलट तो लवकर कामाला लागला तर पुन्हा वाकड्या वाटेला जाणार नाही, असे आपल्याला मनापासून वाटते. खेळाडूच्या बाबतीत हे आपण विसरतो, कारण त्याचे काम आपल्याला काम वाटतच नाही, ते आपल्याला मिळालेले बक्षीस वाटते. प्रत्यक्षात ज्याने वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून दिवसाचे सहा-सहा तास एकाच कौशल्यासाठी दिले, त्याच्या हातात बहुधा दुसरे कोणतेच कसब नसते.

शिवाय, खेळाडूची शिक्षा कागदावर दिसते त्याहून लांब असते, हेही लक्षात घ्यायला हवे. वेगवान गोलंदाजाचे उदाहरण घ्या. त्याचा वेग खांद्यात नसतो. तो धावण्याच्या लयीत, पुढचा पाय टेकताना ताठ राहणाऱ्या गुडघ्यात, कमरेच्या पिळात आणि रोजच्या शेकडो चेंडूंनी मुरलेल्या सवयीत असतो. दोन-तीन वर्षे चेंडू हातात आला नाही की आधी ती लय जाते, मग पोटऱ्या आणि पाठ सराव मागायला लागतात, आणि पहिल्याच मोसमात दुखापत गाठते. धावपटूच्या बाबतीत तर सेकंदाचा दहावा भागदेखील परत मिळवणे जड जाते. ज्या व्यवसायाचे सारे आयुष्य जेमतेम दहा-बारा वर्षांचे, त्यातली तीन वर्षे गेली तर चौथा हिस्सा गेला. म्हणून 'काही महिन्यांत सुटला, मजा आहे' असे कोणी लिहिले की मला ते अर्धे सत्य वाटते.

आता मोहम्मद आमिर याचे प्रकरण पाहू, कारण आपल्याकडच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर ते घडले. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी आधी ठरवून तीन नोबॉल टाकले. त्यांतले दोन आमिरचे आणि एक मोहम्मद आसिफचा. आमिरचा पाय रेषेपलीकडे इतका पडला होता की त्याचे छायाचित्र पाहताना आजही अस्वस्थ व्हायला होते. कर्णधार सलमान बट, आसिफ आणि आमिर या तिघांना आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या लवादाने बंदी घातली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने बटला ३० महिने, आसिफला १२ महिने आणि आमिरला ६ महिने तुरुंगवास सुनावला. गुन्हा घडला तेव्हा आमिर अवघा १८ वर्षांचा होता. संघात त्याच्या वरचा माणूस म्हणजे त्याचा कर्णधार, आणि कटात सामील असलेलाही तोच. नव्या मुलाला संघात कोणाचे ऐकायचे असे विचारले, तर तो कर्णधाराचेच नाव घेईल.

माझ्या एका विद्यार्थ्याने तेव्हा मला विचारले होते, "सर, पैसे घेऊन नोबॉल टाकला तरी पुन्हा खेळता येत असेल, तर मग आम्ही प्रामाणिकपणे का खेळायचं?" तो डावखुरा वेगवान गोलंदाज होता आणि आमिरची शैली आरशासमोर घोटत असे, त्यामुळे त्याचा राग मला समजत होता. मी त्याला उपदेश केला नाही. खेळाडू १८ ते २३ या वयात काय-काय शिकतो ते त्याला फळ्यावर लिहायला सांगितले, आणि पाच वर्षांच्या बंदीत आमिरने त्यातले काय गमावले असेल ते त्यालाच खोडायला लावले. खोडून झाल्यावर फळ्यावर फारसे काही उरले नव्हते. मुलांसमोर कोणता आदर्श ठेवायचा असे विचारणाऱ्या पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच, की चुकीची किंमत किती मोठी असते हे मुलांना दाखवायचे असेल तर ती किंमत चुकवून परत आलेला माणूस मुलांच्या नजरेआड ठेवून चालणार नाही.

आमिरच्या परतण्याला माझा पाठिंबा होता, त्याचे कारण त्याचा चेंडू दोन्हीकडे हलत असे हे नव्हते. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता, तर बट आणि आसिफ यांनी खटला लढवला होता. आंतरराष्ट्रीय परिषदेने आपल्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत बंदीच्या अखेरच्या काळात देशांतर्गत क्रिकेट खेळू देण्याची तरतूद केली, आणि ती सवलत आमिरला जानेवारी २०१५ मध्ये मिळाली, तीही त्याने चौकशीला पूर्ण सहकार्य केले आणि आपल्या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला हे तपासून. म्हणजे तो थेट आंतरराष्ट्रीय मैदानात आला नाही. आधी देशांतर्गत क्रिकेटमध्ये घाम गाळून, मग जानेवारी २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला. हा जो पायरी-पायरीचा रस्ता आहे, तोच मला योग्य वाटतो. तो कोणत्याही खेळाने उचलावा.

या प्रकरणातल्या दुसऱ्या एका गोष्टीची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आमिरला राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात बोलावल्यावर मोहम्मद हफीज आणि त्या वेळी एकदिवसीय संघाचा कर्णधार असलेला अझर अली यांनी त्या शिबिरात सहभागी व्हायला नकार दिला. पुढे मंडळाने समजूत काढल्यावर ते आले. अनेकांनी त्यांना कठोर, हेकट ठरवले. मला मात्र त्यांचा आक्षेप रास्त वाटला, कारण त्या तीन नोबॉलांनी सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्यासारख्या प्रामाणिक खेळाडूंचे केले होते. त्यानंतर त्यांच्या संघाने गमावलेल्या प्रत्येक सामन्यानंतर लोकांनी शंका घेतली, आणि ज्यांनी कधी एक पैसा घेतला नाही त्यांच्याकडेही संशयाने पाहिले. ज्यांच्या नावाला असा बट्टा लागला, त्यांनी 'आम्हाला विचारा' म्हणणे यात गैर काहीच नव्हते. दुसरी संधी द्यायची असेल, तर ती देताना अशा माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याची काही रीत असली पाहिजे. वर्तमानपत्रांतून एकमेकांना टोमणे मारत तो प्रश्न सुटू नये.

जुलै २०१६ मध्ये आमिर त्याच लॉर्ड्सवर कसोटी खेळला आणि सामन्यातला शेवटचा बळी त्यानेच घेतला. पुढच्या वर्षी १८ जून रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित शर्मा, विराट कोहली आणि शिखर धवन यांना झटपट बाद केले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी 'हा तुरुंगातून आलेला' म्हणून हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीमागे पराभवाचे दुःख होते हे मान्य. पण आपल्याविरुद्ध बळी घेतले म्हणून त्याचा जुना गुन्हा आपल्याला आठवावा, आणि आपल्या संघात असता तर विसरला गेला असता, हा दुटप्पीपणा आपण सोडायला हवा.

बट आणि आसिफ यांची बंदीही त्याच सुमारास, सप्टेंबर २०१५ मध्ये संपली. दोघांना देशांतर्गत क्रिकेट खेळायला मिळाले, राष्ट्रीय संघात मात्र जागा मिळाली नाही. यात वयाचा भाग होता, आणि बटच्या बाबतीत तो कर्णधार होता हाही भाग होताच. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानच्या मंडळाने बटला निवड समितीच्या प्रमुखाचा सल्लागार नेमले, आणि गदारोळ झाल्यावर लगेचच ती नेमणूक मागे घ्यावी लागली. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो, आणि मी जो फरक करू पाहतो आहे तो इथे स्पष्ट दिसतो. बटने धावा काढाव्यात, त्या धावांचे मानधन घ्यावे, यावर कोणाचा आक्षेप असू नये. पण ज्याने कर्णधार असताना नव्या मुलाला कटात ओढले, त्याच्याकडे कोणत्या मुलाला संघात घ्यायचे हे सुचवण्याचे काम देणे म्हणजे ज्यांनी विश्वास ठेवायचा त्यांना विचारलेच नाही असे होते.

या फरकाचे आणखी जुने उदाहरण इंग्लंडचा घोडेस्वार लेस्टर पिगॉट याचे आहे. करचुकवेगिरीबद्दल १९८७ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याने त्यांतले सुमारे वर्षभर तुरुंगात काढले. ब्रिटनने त्याला दिलेला सन्मान काढून घेतला, तो परत दिला नाही. पण १९९० मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्याला पुन्हा घोड्यावर बसायचा परवाना मिळाला आणि परतल्यावर काही दिवसांतच त्याने अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली. परवाना दिला, सन्मान दिला नाही: शासन आणि क्रीडासंस्था या दोघांनी आपापले काम नीट ओळखले असे मला वाटते.

सगळीच प्रकरणे इतकी सरळ नसतात, आणि म्हणून मायकेल व्हिक याच्याविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. अमेरिकन फुटबॉलमधला हा अत्यंत गुणी खेळाडू. कुत्र्यांच्या झुंजी लावण्याच्या धंद्यात त्याचा पैसा आणि हात दोन्ही होते. हरलेल्या किंवा लढायला नकार देणाऱ्या कुत्र्यांना फासावर लटकवून, बुडवून, गोळ्या घालून मारल्याचे तपासात उघड झाले. ज्या जागेवर हे चालले होते, तिथे जमिनीत पुरलेल्या मोटारीच्या आसाला साखळीने बांधलेली कुत्री सापडली. आसाभोवती फिरता येईल एवढीच ती साखळी. व्हिकने आधी लीगच्या आयुक्ताला तोंडावर खोटे सांगितले. डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने त्याला २३ महिन्यांची शिक्षा सुनावली आणि वाचलेल्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी त्याच्याकडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर घेतले.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच रक्कम वाटते. ती दंड म्हणून सरकारी तिजोरीत गेली नाही. ज्यांना इजा झाली त्या मुक्या जनावरांच्या औषधपाण्यावर आणि निवाऱ्यावर गेली. युटा राज्यातल्या एका प्राणिसंस्थेने त्यांतली २२ कुत्री सांभाळायला घेतली, त्यांतली काही पुढे घरोघरी पाळली गेली. भरपाई अशी दिसावी लागते. 'मला पश्चात्ताप झाला' हे वाक्य कोणीही पत्रकार परिषदेत वाचून दाखवू शकतो, आणि वकिलांनी लिहून दिलेले ते निवेदन मी आजवर इतक्यांदा वाचले आहे की त्याचा माझ्यावर काही परिणाम होत नाही. व्हिकने पुढे प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेबरोबर शाळा-वस्त्यांत जाऊन मुलांना झुंजींविरुद्ध सांगितले, आणि २०११ मध्ये झुंजी पाहायला जाणाऱ्यांवरही गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाला अमेरिकन काँग्रेससमोर पाठिंबा दिला. दिवाळखोरी जाहीर केली तरी पुढच्या वर्षांत घेणेकऱ्यांचे देणे फेडले. लीगनेही जुलै २००९ मध्ये त्याला अटींवर परत घेतले, आणि फिलाडेल्फियाच्या संघात पहिला मोसम त्याने बहुतांशी राखीव खेळाडू म्हणून घालवला.

इथपर्यंत मला सारे पटते. पण २०१० च्या मोसमात तो अप्रतिम खेळला, त्याला पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला, आणि मग लोकांचा सूर बदलला. आता जणू त्याचे मैदानावरचे गुण हेच त्याच्या पश्चात्तापाचे प्रमाणपत्र झाले. मला हेच सर्वांत धोक्याचे वाटते. चेंडू किती लांब फेकला यावरून माणूस बदलला की नाही हे कळत नाही. तसे कळत असते, तर त्याच संघातला, त्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला पण साधारण खेळ असलेला खेळाडूही परत घेतला गेला असता. आणि तसा कोणी परत घेतला जात नाही, हे आपण सगळे जाणतो.

माणसाच्या देहावर, विशेषतः स्त्रीवर किंवा मुलावर झालेल्या अत्याचाराची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे मी अधिक कठोर आहे. माइक टायसन १९९२ मध्ये बलात्काराबद्दल दोषी ठरला, तीन वर्षांपेक्षा थोडा कमी काळ तुरुंगात राहिला, मार्च १९९५ मध्ये सुटला, त्याच ऑगस्टमध्ये मोठ्या मानधनाच्या लढतीत उतरला आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा जागतिक विजेता झाला. गुन्हा त्याने कधी कबूल केला नाही. त्या वर्षभरात त्याच्या परतण्याचा जो सोहळा झाला, त्यात ज्या तरुणीने तक्रार करण्याचे धैर्य दाखवले तिच्याविषयी कोणी एक शब्द बोलले का? त्याने मुष्टियुद्ध करून पोट भरायला माझी हरकत नाही; त्याच्या सुटकेचाच उत्सव करून तिकिटे विकायला माझी हरकत आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सतर्फे बीच व्हॉलीबॉल खेळलेला स्टीव्हन व्हॅन डे व्हेल्डे याने, वयाच्या १९ व्या वर्षी, २०१४ मध्ये इंग्लंडला जाऊन १२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला होता. २०१६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली; नंतर त्याला मायदेशी पाठवले, तिथल्या कायद्यानुसार शिक्षेचे स्वरूप बदलले आणि एकूण सुमारे वर्षभराच्या तुरुंगवासानंतर तो सुटला. पॅरिसमध्ये त्याला क्रीडाग्रामाबाहेर ठेवण्यात आले आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या देशाच्या संघटनांनी नियमांनुसार तो पात्र आहे असे सांगितले. पात्र असेलही. परंतु ऑलिम्पिक ही कोणाच्या रोजगाराची जागा नाही. तिथे खेळाडू देशाचा ध्वज छातीवर घेऊन उतरतो, जगभरातली मुले त्याला पाहतात, आणि ज्या मुलीचे बालपण त्याने हिरावले तीही कुठेतरी आपल्या घरात तोच सामना चालू असताना दूरचित्रवाणी बंद करते. त्याने क्लबसाठी खेळावे, तिथले मानधन घ्यावे, मुलांना शिकवण्याचे काम त्याला देऊ नये. पण देशाच्या प्रतिनिधित्वाची जागा त्याच्यासाठी कायमची बंद राहायला हवी होती. हे कठोर आहे असे काहींना वाटेल. मला वाटते की ज्या मुलीला त्या प्रसंगापासून सुटका मिळण्याची तारीख ठरलेली नाही, तिच्या दृष्टीने ते तितके कठोर नाही.

तरीही निव्वळ लोकांच्या रागावर दार बंद करण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण चेड इव्हान्स याचे प्रकरण आहे. वेल्सचा हा फुटबॉलपटू २०१२ मध्ये बलात्काराबद्दल दोषी ठरला, पाच वर्षांची शिक्षा झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटला. जुन्या क्लबने त्याला सरावाला बोलावले, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि क्लबला माघार घ्यावी लागली. एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये झालेल्या फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. सह्या करणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्यासमोर त्या वेळी न्यायालयाचाच निकाल होता. पण याच प्रकरणात तक्रारदार तरुणीचे नाव समाजमाध्यमांवर उघड करणाऱ्या काही जणांनाही न्यायालयाने दोषी ठरवले होते. म्हणजे जमाव दोन्ही बाजूंनी उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी माणसे पोळली. असा निर्णय सह्यांच्या संख्येवर सोडता येत नाही.

मग तो कोणी घ्यावा? क्लब घेऊ शकत नाही, कारण त्याला सामने जिंकायचे असतात. प्रायोजक घेऊ शकत नाहीत, कारण ते वादळ शमण्याची वाट पाहत असतात. मंडळेही बहुधा घेऊ शकत नाहीत. आपल्याच देशात श्रीशांतचे प्रकरण पाहा. २०१३ मध्ये या क्रिकेटपटूला स्पॉट-फिक्सिंगच्या (पैसे घेऊन ठरवून चेंडू टाकण्याच्या) आरोपावरून अटक झाली, २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले, तरी मंडळाची आजीवन बंदी कायम राहिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या प्रमाणाचा फेरविचार करायला सांगितले, तेव्हा ती सात वर्षांवर आली. तो आरोपमुक्त होता, त्यामुळे तुरुंगातून परतलेल्या खेळाडूंशी त्याची तुलना मी करत नाही. मंडळाने शिक्षा किती द्यावी याचेही मोजमाप हवे आणि ते मोजणारे कोणीतरी मंडळाबाहेरचे हवे, इतकेच मला त्यावरून दाखवायचे आहे.

म्हणून प्रत्येक खेळाच्या संघटनेने एक स्वतंत्र समिती नेमावी, जिच्यात निवृत्त न्यायाधीश असावा, माजी खेळाडू असावा, आणि पीडितांसाठी काम करणारी व्यक्ती असावी. संघमालक किंवा प्रायोजकाचा माणूस नसावा. पीडिताला आपले म्हणणे समितीसमोर मांडण्याचा हक्क असावा, परवानगी नाकारण्याचा मात्र नसावा, कारण तेवढे ओझे त्याच्यावर टाकणे हाही अन्यायच. पहिली दोन-तीन वर्षे खेळाडूच्या करारातला ठरावीक हिस्सा भरपाईसाठी वेगळा काढावा, व्हिककडून न्यायालयाने कुत्र्यांसाठी रक्कम घेतली त्याच हेतूने. आणि परतीचा रस्ता खालून सुरू व्हावा: आधी स्थानिक स्पर्धा, मग राज्य, मग पुढचे. निर्णय कारणांसह लेखी द्यावा आणि तो सर्वांना वाचायला मिळावा, म्हणजे उद्या दुसऱ्या खेळाडूला 'त्याला घेतले, मला का नाही' हे विचारायला आधार राहील.

हा शेवटचा मुद्दा मला फार जवळचा आहे. आपण चर्चा करतो ती नेहमी तारकांची. राखीव खेळाडू, दुसऱ्या श्रेणीतला धावपटू, कुस्तीतला तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल तुरुंगातून परत येतो तेव्हा त्याच्यासाठी कोणी लेख लिहीत नाही आणि सह्यांची मोहीमही काढत नाही. त्याला साध्या व्यायामशाळेतही कोणी काम देत नाही. अमेरिकन मुष्टियोद्धा बर्नार्ड हॉपकिन्स १७ व्या वर्षी तुरुंगात गेला, सुमारे पाच वर्षांनी १९८८ मध्ये सुटला, आणि त्याच वर्षी पहिलाच व्यावसायिक सामना हरला. तो तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, त्याच्यासाठी कोणताही क्लब थांबला नव्हता. वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर लढत तो वर आला आणि २०११ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तोवरचा सर्वांत वयस्कर जागतिक विजेता झाला. अशी माणसे फार थोडी असतात, कारण अशांना संधी देण्यात कोणाचाच फायदा नसतो. जी व्यवस्था केवळ गर्दी खेचणाऱ्याला क्षमा करते, ती क्षमेचे नाव घेऊन व्यापार करते.

आपल्या क्रीडा पानाकडूनही माझी एक अपेक्षा आहे. असा खेळाडू परततो तेव्हा त्याच्या पहिल्या सामन्याच्या बातमीत त्याने कोणता गुन्हा केला, शिक्षा किती होती, ती पूर्ण झाली का, आणि भरपाई दिली गेली का, या चार गोष्टी आपल्या वार्ताहराने आवर्जून लिहाव्यात. पीडिताचे नाव कोणत्याही परिस्थितीत छापू नये. आणि नंतरच्या शतकांच्या, बळींच्या, गोलांच्या बातम्या इतरांच्या बातम्यांइतक्याच जागेत, तितक्याच साधेपणाने द्याव्यात.

कळावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक